गवा, म्हैस आणि बायसन : ओळख, भेद व मांसाचा विचार

(ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी बंधू-भगिनी यांच्याकरिता अभ्यासपाठ)

प्रास्ताविक

परंडा तालुका हा सीना नदीच्या खोऱ्यातील अवर्षणप्रवण मुलूख. येथील शेतकऱ्याची भिस्त ज्वारीच्या कडब्यावर आणि त्या कडब्यावर पोसलेल्या जनावरांवर असते. पाऊस चुकला म्हणजे पीक जाते. परंतु दावणीला दुभती म्हैस असेल तर घर तग धरते. अशा भागात म्हशीविषयी नवे काही सांगण्याची गरज नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल. तथापि अलीकडे परदेशातील ‘बायसन’ या जनावराची व त्याच्या मांसाची माहिती गावोगावी पोहोचू लागली आहे. कोणी त्यास परदेशी म्हैस म्हणतो, कोणी आपल्या सह्याद्रीतील गवा म्हणतो, तर कोणी त्याचे पालन आपल्याकडे करता येईल काय, अशी पृच्छा करतो. ही जनावरे एक नव्हेत. त्यांतील एकास मारणे हा गंभीर गुन्हा आहे, दुसरे आपल्या देशातले नव्हे, आणि तिसरे आपल्या गोठ्यात असूनही त्याच्या नर पारड्यांची उपेक्षा होत आहे. यास्तव या जनावरांची ओळख, त्यांच्यातील भेद, मांसाचे गुण व कायद्याची बाजू यांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. नावांचा गोंधळ कसा झाला ?

युरोपातून उत्तर अमेरिकेत गेलेल्या लोकांना तेथील गवताळ मैदानांत केसाळ, वशिंडाचे, प्रचंड जनावर आढळले. त्यांनी त्यास ‘बफेलो’, म्हणजे म्हैस, असे म्हणण्यास प्रारंभ केला. वास्तविक ते म्हशीच्या कुळीतले नव्हते. त्याचे योग्य नाव बायसन. चुकीचे नाव मात्र रूढ झाले आणि आजही अमेरिकेत बोलताना दोन्ही नावे वापरली जातात.

आपल्याकडे याच्या उलट प्रकार घडला. इंग्रज शिकाऱ्यांनी सह्याद्रीतील व दक्षिणेतील जंगलांत गवा पाहिला आणि त्यास ‘इंडियन बायसन’ असे नाव दिले. गवा हा बायसन नव्हे. आपल्या मराठीतही त्यास ‘गवारेडा’ म्हणण्याची प्रथा आहे. त्यामुळे तो रानटी रेडाच असावा, असा समज होतो. तोही बरोबर नाही. गवा हा गाय-बैलांच्या कुळातील वन्य प्राणी आहे. म्हणजे इंग्रजी नावाने त्यास बायसन केले, मराठी नावाने रेडा केले, आणि प्रत्यक्षात तो यांपैकी एकही नाही.

२. जनावरांची ओळख

म्हैस. आपली पाळीव म्हैस ही पाण्यात डुंबणारी म्हैस होय. नराला आपल्याकडे रेडा, हल्या किंवा टोणगा म्हणतात. धाराशिव जिल्हा मराठवाडी म्हशीच्या मुलखात मोडतो, तर शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात पंढरपुरी म्हैस प्रसिद्ध आहे. पंढरपुरी म्हशीची लांब, तलवारीसारखी मागे गेलेली शिंगे कोणीही सहज ओळखील. भारतात २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत म्हैसवर्गीय जनावरांची संख्या सुमारे १० कोटी ९८ लाख भरली. जगात इतक्या म्हशी अन्य कोणत्याही देशात नाहीत.

रानम्हैस. पाळीव म्हशीची ही वन्य पूर्वज होय. महाराष्ट्रात ती केवळ गडचिरोली जिल्ह्याच्या दुर्गम भागात उरली असून तिच्या रक्षणाकरिता २०१३ साली कोलामार्का हे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले.

गवा. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी-दाजीपूरचे जंगल गव्यांकरिता विख्यात आहे. १९५८ साली ते गव्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले व महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य म्हणून त्याची गणना होते. गोवा राज्याने गव्यास राज्यप्राण्याचा मान दिला आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ६०० ते १००० किलोपर्यंत असते. ईशान्य भारतातील अरुणाचल प्रदेश, नागालँड इत्यादी राज्यांत मिथुन नावाचे जनावर पाळतात. ते गव्याचे निकटचे पाळीव नातेवाईक होय.

बायसन. याच्या दोन जाती आहेत : एक अमेरिकेतील व दुसरी युरोपातील. दोन्ही थंड प्रदेशांतील आहेत. भारतात बायसन नैसर्गिकरीत्या आढळत नाही.

३. पाहून ओळखण्याच्या खुणा

कार्यकर्त्यांनी पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात.

(अ) पाठ : म्हशीची पाठ जवळजवळ सपाट असते. गव्याच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच धार असते व ती मध्येच एकदम उतरते. बायसनच्या खांद्यावर मोठे वशिंड असते. ते आपल्या बैलाच्या वशिंडासारखे मऊ नसून पाठीच्या मणक्यांच्या लांब हाडांवर व बळकट स्नायूंवर उभारलेले असते. या स्नायूंच्या जोरावर बायसन जड डोके हलवून हिवाळ्यात बर्फ बाजूस सारतो व खालचे गवत खातो.

(आ) शिंगे : म्हशीची शिंगे चपटी, काहीशी त्रिकोणी व मागे वळलेली असतात. गव्याची शिंगे बुडाशी जाड, फिकट हिरवट-पिवळी व टोकास काळी असून दोन शिंगांच्या मध्ये कपाळाचा फुगीर उंचवटा असतो. बायसनची शिंगे आखूड, गोल व काळी असतात.

(इ) केस व रंग : म्हशीच्या अंगावर केस विरळ असतात. गव्याची कातडी तुळतुळीत, नर गडद काळसर, आणि चारही पायांना गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा रंग असतो. ही गव्याची सर्वांत सोपी खूण होय. बायसनचे डोके, मान व पुढचे पाय दाट लोकरीसारख्या केसांनी झाकलेले असतात व हनुवटीखाली दाढी असते.

(ई) सवयी : म्हशीला घामाच्या ग्रंथी थोड्या असल्यामुळे उन्हाळ्यात तिला पाण्यात अथवा चिखलात डुंबावे लागते. गवा म्हशीप्रमाणे चिखलात डुंबत नाही. बायसन कोरड्या धुळीत लोळतो.

(उ) शरीररचना : गाय व म्हैस यांना बरगड्यांच्या १३ जोड्या असतात, अमेरिकेतील बायसनला १४. म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा, तर बायसनचा सुमारे नऊ महिने, म्हणजे गाईइतकाच असतो.

(ऊ) संकर : प्रत्येक प्राण्याच्या पेशीत वंशगुण वाहून नेणारी गुणसूत्रे असतात. गाईत ती ६०, बायसनमध्ये ६०, भारतीय गव्यात ५८, तर आपल्या म्हशीत ५० असतात. बायसन व गाय यांचा संकर होऊ शकतो. अमेरिकेत तो करण्यात आला असून त्यातील पहिल्या पिढीचे नर बहुधा वांझ निघतात. म्हशीचा संकर मात्र गाईशीही होत नाही आणि गव्याशीही होत नाही. तेव्हा ‘गव्यापासून झालेले रेडकू’ म्हणून कोणी जनावराची जादा किंमत सांगू लागल्यास ते खोटे समजावे.

४. अमेरिकेतील बायसनचा ऱ्हास व पुनरुज्जीवन

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी उत्तर अमेरिकेत बायसन कोट्यवधींच्या संख्येने होते. तेथील मूळ रहिवाशांचे अन्न, वस्त्र व निवारा या जनावरावर अवलंबून असे. मांस वाळवून, कुटून व चरबीत मिसळून ते हिवाळ्याकरिता साठवीत. पुढे लोहमार्ग झाले, कातड्यांचा व्यापार वाढला आणि १८७० नंतरच्या काही वर्षांत बंदुकीने अमर्याद संहार झाला. कातडे काढून घ्यावे व मांस माळावर सडत टाकावे, असा प्रकार चालला. १८८९ च्या सुमारास सर्व मिळून केवळ एक हजाराच्या आसपास जनावरे उरली. बायसनबरोबर त्यांच्यावर जगणाऱ्या जमातींची उपजीविकाही नष्ट झाली.

१९०५ साली बायसनच्या रक्षणाकरिता तेथे संस्था स्थापन झाली व प्राणिसंग्रहालये, राखीव वने व खाजगी कुरणे येथे उरलेली जनावरे जपून त्यांची पैदास करण्यात आली. युरोपात तर शेवटचा वन्य बायसन १९२७ साली मारला गेला. बंदिस्त जागेत राहिलेल्या मोजक्या जनावरांपासून वंश वाढवून १९५२ पासून ते पोलंडमधील जंगलात पुन्हा मोकळे सोडण्यात आले. २०१६ साली अमेरिकेने बायसनला राष्ट्रीय सस्तन प्राणी म्हणून मान्यता दिली. आज तेथे असलेल्या बायसनपैकी बहुसंख्य खाजगी कुरणांत मांसाकरिता पाळलेले आहेत. वन्य कळप हे संरक्षणाचा विषय, आणि कुरणातील कळप हे पशुधन, असा भेद तेथे केला जातो. हा भेद आपण लक्षात घ्यावा. कारण आपल्याकडील गव्याचे पाळीव कळप नाहीत. आपला प्रत्येक गवा वन्य आहे.

५. मांसाचे गुण

बायसनच्या मांसाची प्रसिद्धी मुख्यतः ते कमी चरबीचे असते म्हणून आहे. अमेरिकेच्या शेती खात्याच्या अन्नघटक-तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या, चरबी काढलेल्या बायसन-मांसात प्रथिने सुमारे २१.६ ग्रॅम व स्निग्धांश सुमारे १.८ ग्रॅम असतो. त्याच तक्त्यांत म्हशीच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात प्रथिने सुमारे २०.४ ग्रॅम व स्निग्धांश सुमारे १.४ ग्रॅम दिला आहे. म्हणजे ज्या गुणाकरिता परदेशात बायसनला चढा भाव मिळतो, तो गुण आपल्या म्हशीच्या मांसातही तितकाच आहे. खिमा करताना चरबी मिसळली तर मात्र दोन्हींतील स्निग्धांश पुष्कळ वाढतो, हे विसरू नये.

म्हशीचे मांस गडद लाल असते व त्याची चरबी पांढरी असते. गाईच्या चरबीत पिवळसर छटा दिसते, ती येथे नसते. म्हशीचे दूध पांढरे दिसण्याचे कारणही हेच. वैरणीतील पिवळे रंगद्रव्य म्हैस जीवनसत्त्व ‘अ’ मध्ये रूपांतरित करते. वयस्क जनावराच्या मांसाचे धागे जाड व चिवट असतात. कोवळ्या व चांगल्या पोसलेल्या रेड्याचे मांस मऊ असते. कमी चरबीचे कोणतेही मांस प्रखर आचेवर भराभर शिजविल्यास वातड होते. यास्तव ते मंद आचेवर, पुरेसा वेळ शिजवावे. अर्धे कच्चे मांस कदापि खाऊ नये. पट्टकृमी व अन्य रोगांची बाधा त्यातून होऊ शकते. औषधोपचार चालू असलेले जनावर औषधाचा ठरलेला काळ संपेपर्यंत कत्तलीस देऊ नये, तसेच पशुवैद्यकाने तपासलेल्या मांसाखेरीज अन्य मांस घेऊ नये.

परदेशी व्यापारातही नावाचा घोळ आहेच. भारतातून ‘बीफ’ म्हणून जगाच्या आकडेवारीत नोंदले जाणारे मांस हे म्हशीचे असते. गाईच्या मांसाच्या निर्यातीस बंदी असून म्हशीचे हाडविरहित मांस नोंदणीकृत कत्तलखान्यांतूनच निर्यात होते. मांस कोणत्या जनावराचे, हा वाद पडल्यास नुसत्या नजरेने निर्णय करू नये. त्याकरिता प्रयोगशाळेत वंशद्रव्याची तपासणी करता येते. हैदराबाद येथील राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत अशी सोय आहे. संशयावरून गावात तंटा होऊन माणसांना इजा होण्यापेक्षा नमुना तपासणीस जाणे केव्हाही श्रेयस्कर.

६. कायद्याची बाजू

गवा व रानम्हैस हे दोन्ही प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची शिकार करणे, त्यांचे मांस, कातडे अथवा शिंगे बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. शिकारीस किमान ३ व कमाल ७ वर्षांची कैद व शिवाय दंड अशी शिक्षा आहे. ‘बायसनचे मांस’ म्हणून कोणी रानातले मांस देऊ लागल्यास ते गव्याचे असण्याचा संभव असतो. घेणाराही गुन्ह्यात सापडतो.

महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियम, १९७६ मध्ये झालेली दुरुस्ती मार्च २०१५ पासून अमलात आली. तेव्हापासून गाईबरोबरच वळू व बैल यांच्या कत्तलीसही राज्यात बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ च्या निर्णयात ही बंदी कायम ठेवली. म्हैस या बंदीत येत नाही. तथापि म्हशी व पारडे यांच्या कत्तलीपूर्वी सक्षम अधिकाऱ्याचा लेखी दाखला आवश्यक असतो व कत्तल नेमून दिलेल्या जागीच करावी लागते. जनावर विकताना पावती व वाहतुकीचे कागद नीट करून घ्यावेत. म्हशीच्या जागी दुसरे नाव लिहिले गेल्यास पुढे निष्पाप शेतकऱ्यास त्रास होतो. दाखल्यावर ‘म्हैस’, ‘रेडा’, ‘पारडू’ असे स्पष्ट शब्द, वय, रंग व शिंगांचे वर्णन लिहावे, आणि कानातील बिल्ल्याचा क्रमांक अवश्य नोंदवावा.

मांसाकरिता पाळण्याच्या दृष्टीने एक दाखला उपयुक्त आहे. गव्याचा नातेवाईक असलेल्या मिथुनास अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२३ साली अन्नप्राणी म्हणून मान्यता दिली आहे. परंतु मिथुन डोंगराळ व दमट अरण्याचे जनावर आहे. त्याचे पालन ईशान्येकडील राज्यांतच शोभते. बायसन तर बर्फाच्या प्रदेशाचा. परंड्याच्या उन्हात दाट केसांच्या या जनावराचे हाल होतील, आणि परदेशातून जनावर आणणे हा केंद्र सरकारच्या परवान्याचा व विलगीकरणाचा विषय आहे. बायसन-पालनाच्या नावाखाली कोणी आगाऊ रक्कम मागत असल्यास देऊ नये.

७. परंड्याच्या शेतकऱ्याने यातून काय घ्यावे ?

परदेशी बायसनचा हव्यास धरण्यापेक्षा आपल्या दावणीतील पारड्याकडे पाहावे. मादी जन्मली, म्हणजे वगार झाली, तर तिला जपतात. नर झाला तर त्याला पुरेसे दूध मिळत नाही; काही आठवड्यांतच तो खंगून मरतो. यात दुहेरी हानी आहे. मुक्या जीवाचे हाल होतात, आणि ज्या जनावराची वर्ष-दीड वर्षात चांगली किंमत आली असती, ते फुकट जाते. पारडू मेल्यावर पुष्कळ म्हशी पान्हा चोरतात, ही तिसरी हानी. केंद्र सरकारने अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२००७–१२) नर पारडी वाचवून वाढविण्याची योजना आखली होती, त्यामागे हाच विचार होता. पारडू जगविण्याकरिता पुढील गोष्टी कराव्यात.

(१) जन्मल्यावर नाक-तोंड पुसून नाळ स्वच्छ ब्लेडने कापावी व टिंक्चर आयोडीन लावावे.

(२) पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजावा. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक तीन-चार वेळा विभागून द्यावा. पारडू २५ किलोचे असेल तर अडीच लिटर. झार पडण्याची वाट पाहू नये.

(३) म्हशीच्या पारड्यांना जन्मतःच गोल जंतांची बाधा होते. जंताचे पहिले औषध दोन आठवड्यांच्या आत, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे.

(४) दुसऱ्या आठवड्यापासून थोडी कोवळी वैरण व भरड खुराक समोर ठेवावा; दूध हळूहळू कमी करावे.

(५) घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. हा रोग म्हशींना विशेष घातक असतो. लाळ्या-खुरकुताची लस शासकीय मोहिमेत वेळेवर घ्यावी. मादी पारड्यांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची लस एकदाच द्यावी.

(६) खर्च व वजन यांची वही ठेवावी. दूध, खुराक, कडबा, औषध व मजुरी हे पाच रकाने एका बाजूस आणि महिन्याचे वजन दुसऱ्या बाजूस. वजनवाढ थांबली आणि खर्च चालूच राहिला, तर विकण्याची वेळ आली, असे समजावे. मांस जिवंत वजनाच्या निम्म्याच्या आसपास निघते, हा हिशेब भाव ठरविताना उपयोगी पडतो.

ज्यांना कत्तलीकरिता जनावर विकणे मान्य नाही, त्यांनीही पारडे उपाशी मारू नये. चांगल्या वंशाचा नर पैदाशीकरिता अथवा ओढकामाकरिता वाढविता येतो. जनावर पाळणाऱ्याने त्यास पोटभर घालावे, हे कर्तव्य सर्वांना सारखेच लागू आहे.

८. गवा दिसल्यास

परंडा तालुका गव्याचा नैसर्गिक मुलूख नव्हे. तथापि वन्य प्राणी दूरवर भटकतात. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वर अभयारण्यातील एक वाघ आपल्याच जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट परिसरात येऊन पोहोचला होता. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूड भागात एक गवा शिरला. लोकांची गर्दी जमली, तो जिवाच्या भीतीने धावत राहिला, आणि पकडल्यानंतर त्याच दिवशी मरण पावला. त्याने माणसांचा पाठलाग केला नव्हता; माणसांनी त्याचा केला. ही घटना प्रत्येक गावाने ध्यानात ठेवावी.

गवा आढळल्यास त्याच्याभोवती गर्दी करू नये, कुत्री सोडू नयेत, दगड मारू नयेत, त्याची परत जाण्याची वाट मोकळी ठेवावी व वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. पाळीव जनावरे त्या बाजूस चरावयास सोडू नयेत; लाळ्या-खुरकुतासारखे रोग पाळीव जनावरांकडून वन्य प्राण्यांना व उलट दिशेनेही लागतात. पिकाची नुकसानी झाल्यास लगेच वनरक्षकाकडे अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा. पाळीव जनावर आजारी असल्यास पशुवैद्यकीय सेवेकरिता १९६२ हा क्रमांक आहे.

सारांश

बायसन हा परदेशातील थंड प्रदेशाचा, गवा हा आपल्या अरण्याचा, व म्हैस ही आपल्या गोठ्याची. पहिल्याची माहिती असावी, दुसऱ्याचे रक्षण करावे, तिसरीचे संगोपन करावे. अमेरिकेत एका पिढीच्या निष्काळजीपणाने कोट्यवधी जनावरे नाहीशी झाली व ती पुन्हा वाढविण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ खर्ची पडला. आपल्या मराठवाडी व पंढरपुरी म्हशी आज दावणीला आहेत, तोवरच त्यांची जोपासना केलेली बरी.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. गवा, म्हैस व बायसन यांतील पाच भेद सांगा.
२. ‘गवारेडा’ या नावामुळे कोणता गैरसमज होतो ?
३. बायसन व म्हैस यांच्या मांसातील प्रथिने व स्निग्धांश यांची तुलना करा.
४. पारड्यास चीक केव्हा व किती द्यावा ? ३० किलो वजनाच्या पारड्याचा हिशेब करून दाखवा.
५. आपल्या गावात गेल्या वर्षी जन्मलेल्या नर पारड्यांपैकी किती जगली, याची घरोघर नोंद करून ती ग्रामसभेपुढे मांडा.